वेबेर्नची सहा मिनिटं आणि तीन प्रकारचे कान

आज आपण जाणार आहोत मॉस्कोला. महिना मे, साल 1957. तिथल्या कॉन्झर्व्हेटरीत 24 वर्षांचा कॅनेडियन पियानोवादक ग्लेन गूल्ड बसलाय, समोर विद्यार्थी आणि प्राध्यापक. तो जाहीर करतो, आज शोनबर्गच्या पंथातलं संगीत वाजवणार. सभागृहात कुजबुज सुरू होते. 1948 साली सोव्हिएत पक्षाने ठराव करून अशा संगीताला ‘फॉर्मॅलिझम’चा शिक्का मारला होता, स्टालिन जाऊन जेमतेम चार वर्षं झाली होती. गूल्डने नंतर पत्रात लिहिलं, की दोनेक वयस्कर प्राध्यापक उठून गेले. बाकीचे बसून राहिले.

त्या दिवशी वाजलेल्या रचनांमध्ये आंटोन वेबेर्नची 1936 साली पूर्ण झालेली पियानोची ‘व्हेरिएशन्स’ होती. सगळी मिळून सहाएक मिनिटं. सप्तकातले बारा स्वर एका ठरलेल्या क्रमात मांडायचे आणि सगळं त्याच क्रमातून काढायचं, ही शोनबर्गची पद्धत. आपल्या भाषेत सांगायचं तर इथे षड्जच नाही, कान टेकायला जागा नाही. दुसरा भाग तर एक मिनिटसुद्धा चालत नाही. एका स्वराला आरसा मानलंय. त्याच्या वर जितकं अंतर, तितकंच खाली उत्तर. हात सारखे एकमेकांवरून उड्या मारतात.

युद्धानंतर बूलेझ, श्टॉकहाउझेन या तरुणांनी वेबेर्नला आपला आरंभबिंदू मानलं. त्यांना यात दिसली शुद्ध रचना. भावनेचा चिकटपणा नाही, स्फटिकासारखं स्वच्छ. वेबेर्न खुलासा करायला उरला नव्हता. सप्टेंबर 1945 मध्ये ऑस्ट्रियातल्या मिटरझिल गावी एका अमेरिकन सैनिकाच्या गोळीने तो गेला होता.

पण एक साक्षीदार होता! पीटर श्टाडलेन. ऑक्टोबर 1937 मध्ये व्हिएन्नात ही रचना पहिल्यांदा त्यानेच वाजवली. त्याआधी कित्येक आठवडे वेबेर्नने त्याला बसवून शिकवलं होतं. कसं? वेबेर्न गायचा, ओरडायचा, हातवारे करायचा, पाय आपटायचा. स्वरांच्या क्रमाबद्दल मात्र अवाक्षर नाही. श्टाडलेनने विचारलं तरी नाही! रचना कशी बांधली आहे ते नको, ती कशी वाजवायची तेवढं कळू दे, असा त्याचा खाक्या. मला हे आपल्या तालमीच्या खोलीसारखं वाटतं. गुरू राग समजावत बसत नाही, गाऊन दाखवतो.

म्हणजे डार्मश्टाटच्या तरुणांनी ज्यात थंड गणित ऐकलं, त्यात करणाऱ्याला ऐकू येत होता उसासा, हुरूप, हुंदका. कागदावर यातलं फारसं काहीच नव्हतं. खुणा अगदी मोजक्या.

आता गंमत पाहा. हाच श्टाडलेन पुढे इंग्लंडमध्ये समीक्षक झाला आणि 1958 साली त्याने या पद्धतीवरच लेख लिहून टीका केली. ज्या क्रमावर एवढा डोलारा उभा आहे तो कानाला पकडता येत नाही, असं त्याचं म्हणणं. ज्याच्या बोटांनी ही रचना जन्माला आली, त्याचाच कान असा फिरला. मॉस्कोतून उठून गेलेले प्राध्यापक आणि तो एकाच बाकावर बसले असते, असं मी म्हणणार नाही. त्याची तक्रार वर्षानुवर्षांच्या ऐकण्यातून आलेली होती, त्यांची पहिल्या काही मिनिटांतली.

आणि तरी त्याने वेबेर्नच्या सूचना टाकून दिल्या नाहीत. कुठे गायचं, कुठे श्वास घ्यायचा, कुठला स्वर पुढे आणायचा, हे सगळं असलेली प्रत 1979 साली त्याने छापून आणली. पहिल्या मैफलीनंतर 42 वर्षांनी.