नांदूर मध्यमेश्वरचा गाळ आणि त्यातले स्फुरद

नांदूर मध्यमेश्वरचा दगडी बंधारा पाणी साठवण्यासाठी नव्हे, वळवण्यासाठी बांधला गेला. निफाड तालुक्यात गोदावरी-कादवा संगमाजवळ 1907 साली त्याचे काम सुरू झाले. दारणा धरणातून आणि पुढे गंगापूर धरणातूनही आवर्तनाने सोडलेले पाणी इथे अडवायचे आणि कालव्यांनी कोपरगावकडे न्यायचे, एवढाच हेतू. पण दर पावसाळ्यात आलेली माती बंधाऱ्याआड बसत गेली. उथळ पाणी, गाळाची बेटे, पाणवनस्पती. मग पक्षी आले. 1986 साली अभयारण्य झाले, 2019 साली महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. पक्ष्यांवर पुष्कळ लिहिले गेले, गाळावर फारच थोडे. आणि पाण्याची प्रत मात्र बरीचशी या गाळावरच ठरते, कारण शेवाळ आणि पाणवेलींना पोसणारे स्फुरद (फॉस्फरस) त्यातच साठते.

दख्खनच्या काळ्या मातीत लोह आणि चुना भरपूर. पाण्यात प्राणवायू असेपर्यंत लोहाची तांबूस ऑक्साइडे फॉस्फेटच्या रूपातले स्फुरद धरून ठेवतात. चुन्याशी बांधलेले स्फुरद त्याहून घट्ट बसते. द्राक्षबागा, ऊस आणि कांद्याला घातलेल्या डीएपी या स्फुरदयुक्त खताचा काही अंश मातीच्या कणांबरोबर ओढ्या-नाल्यांतून इथे उतरतो. नाशिक रोडचे सांडपाणी घेऊन वालदेवी चेहेडीजवळ दारणेला मिळते, दारणा गोदावरीला, आणि ते सारे याच बंधाऱ्याशी येते. त्यातल्या स्फुरदाचा मोठा वाटा गाळात मुरतो.

तो कायमचा मुरत नाही. जर्मनीत आइन्सेले यांनी 1936 साली, आणि इंग्लंडमधल्या तळ्यांवर मॉर्टिमर यांनी 1941-42 साली दाखवले की तळाचा प्राणवायू संपला की लोहाचे रूप बदलते, ते विरघळते आणि धरलेले फॉस्फेट पाण्यात सुटते. सांडपाण्यातल्या सल्फेटपासून तयार झालेले सल्फाइड लोहाला बांधून टाकते, त्यामुळे गाळाची धारणशक्ती आणखी घटते. खोल तळ्यात हे तळाशी घडते. नांदूर उथळ आहे. तिथे पाणवेलींचा दाट थर हवा आणि उजेड अडवतो, आणि त्याखाली कुजणारी पाने प्राणवायू खाऊन टाकतात. उन्हाळ्यात शेवाळ वाढले की पाणी अल्कधर्मी होते. तेव्हा प्राणवायू असूनही लोहावरचे फॉस्फेट सुटते. आवर्तन संपून गाळ उघडा पडला आणि पुन्हा भिजला, तर मेलेल्या जिवाणूंतले स्फुरदही पाण्यात येते.

म्हणून केवळ नाले अडवून तळे लगेच सुधारणार नाही. युरोपातल्या उथळ तळ्यांत बाहेरची आवक घटवल्यावरही नवा समतोल यायला साधारण 10 ते 15 वर्षे लागली. तरीही आवक आधी थांबवलीच पाहिजे. सेंद्रिय मळासाठी बांधलेली साधी मलजल शुद्धीकरण केंद्रे स्फुरद फारसे काढत नाहीत, त्यासाठी वेगळी प्रक्रिया लागते. आणि पाणवेली काढायच्या तर त्या काठावर कुजू न देता खतासाठी दूर न्यायला हव्यात. काठावर टाकल्या तर त्यांतले स्फुरद पहिल्या पावसात परत पाण्यात उतरते.