ध्वनिमुद्रणाचें गृहागमन

ध्वनिमुद्रणाची कला आरंभीं कंपनीच्या पेट्यांबरोबर प्रवास करीत असे. १९०२ सालीं फ्रेड गायसबर्ग हे ग्रामोफोन कंपनीतर्फे कलकत्त्यास आले, तेव्हां गौहरजान ह्यांस कर्ण्याशीं तोंड नेऊन गावें लागलें, व राग सुमारें तीन मिनिटांत आटोपावा लागला. १९२५ पासून विजेच्या मायक्रोफोनमुळें हळुवार स्वरही तबकडीवर उमटूं लागले. परंतु यंत्रें बव्हंशीं कंपन्यांच्या ताब्यांत राहिलीं.

ही मिरासदारी १९७९ सालीं आणखी ढिली झाली. त्या वर्षीं जपानच्या टीॲक कंपनीनें साध्या कॅसेटवर चार आवाज निरनिराळे भरणारें यंत्र विक्रीस काढलें. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन ह्यांनीं अशा यंत्रावर घरीं केलेला कच्चा खर्डाच १९८२ सालीं ‘नेब्रास्का’ ह्या नांवानें प्रसिद्ध झाला.

आज संगणकास जोडलेली ऑडिओ इंटरफेस नांवाची लहानशी पेटी तेंच काम करते. मायक्रोफोनकडून आलेली विद्युत्‌लहर ती सेकंदास निदान ४४,१०० वेळां मोजून आंकड्यांत मांडते. हे आंकडे खेपांनीं पुढें जातात. खेप मोठी ठेवली कीं गायकास स्वतःचा आवाज मागाहून ऐकूं येतो. पातळी फार चढविली तर स्वर फाटतो, आणि तो पुढें पूर्ववत् होत नाहीं.

तबकडी गवयास थांबवीत असे. ही पेटी थांबवीत नाहीं. पुसावें, पुन्हां गावें, तुकडे जोडावे, ह्यास अंत नाहीं. पूर्वीं यंत्र जी मर्यादा घाली, ती आतां गायकाच्या विवेकानेंच घातली पाहिजे, असें आम्हांस वाटतें.