मोजणीत न आलेले काकाजी

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. पोळ्याला लोहाऱ्याला जाऊन आलो आणि एक विषय डोक्यात घोळत राहिला.

लोहारा म्हणजे यवतमाळला खेटूनच. एमआयडीसी ओलांडली की पऱ्हाटीची वावरं. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये काकाजी असेच फवारणी करून आले आणि ओट्यावर बसले ते उठेचनात. मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी. काकूंनी आंघोळ घातली, लिंबूपाणी दिलं. "काई नाई होत रे बापू, उन्हानं झालं," म्हणत तिसऱ्या दिवशी पुन्हा पाठीवर पंप! दवाखान्यात ते गेलेच नाहीत.

तो हंगाम तुम्हाला आठवत असेल. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, अळीचा जोर, दमट हवा, आणि दोन-तीन औषधं एकत्र कालवून केलेली फवारणी. जुलै ते ऑक्टोबर यवतमाळ जिल्ह्यात आठशेहून अधिक माणसं विषबाधेनं दाखल झाली, वीसहून अधिक दगावली. नोव्हेंबरमध्ये सरकारनं मोनोक्रोटोफॉससह पाच कीटकनाशकांवर साठ दिवसांची बंदी घातली. (तोवर हंगाम जवळपास संपला होता, ते सोडा.)

त्या आठशेंत काकाजी नाहीत. तेव्हापासून मला हा आकडा वाचला की आधी न मोजलेलेच आठवतात.

या मोजणीचा इतिहास चाळला तर गंमत दिसते. गंमत म्हणू नये खरं तर. १९५८ साली केरळात जहाजातून आलेल्या गव्हाच्या पिठात पॅराथिऑन सांडलं आणि शंभराहून अधिक माणसं गेली. प्रेतं एका वेळी, एका ठिकाणी. मोजणं टाळताच येईना. चौकशी झाली आणि पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. पण एकेकटा माणूस वावरात गरगरून पडतो त्याचं काय?

१९९० मध्ये जे. जेयरत्नम यांनी जगाचा अंदाज मांडला. दरवर्षी ३० लाख गंभीर विषबाधा आणि २ लाख २० हजार मृत्यू. आत्महत्येचे प्रयत्नही त्यात आले. हा हिशेब मुख्यतः दवाखान्यांच्या नोंदींवरचा. त्याच लेखात त्यांनी आशियातल्या शेतमजुरांना थेट विचारून केलेल्या पाहण्याही घेतल्या होत्या, आणि त्यावरून आकडा निघाला वर्षाला अडीच कोटी! म्हणजे रजिस्टर उघडलं तर एक उत्तर, बांधावर जाऊन विचारलं तर दुसरं.

२०२० मध्ये वोल्फगँग बोडेकर आणि सहकाऱ्यांनी १४१ देशांची माहिती धुंडाळून, आत्महत्या वगळून, नवा अंदाज काढला. वर्षाला साधारण ३८ कोटी ५० लाख विषबाधा आणि सुमारे ११ हजार मृत्यू, त्यातले जवळजवळ साठ टक्के भारतातले. शेती करणाऱ्यांपैकी ४४ टक्के लोकांना दरवर्षी एकदा तरी बाधा होते, असं त्यांचं म्हणणं. अडीच कोटींवरून साडेअडतीस कोटी म्हणजे विष तेवढ्या पटीनं वाढलं, असा अर्थ कोणी काढू नये. देश, व्याख्या, विचारण्याची रीत, सगळंच बदललं होतं. तरी मला हा मोठा आकडाच अधिक पटतो, कारण त्यात ओट्यावर बसलेल्या काकाजींना जागा आहे.

दवाखान्यात जाऊनही नोंद नीट होतेच असं नाही. कोलिनेस्टरेजची रक्ततपासणी ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटाची बाधा दाखवते, बाकीच्यांची नाही. आणि पंपात काय काय कालवलं होतं हे मजुराला कुठे ठाऊक? डबा मालकाकडे.

असो. काकू भिंतीवरच्या कॅलेंडरवर फवाऱ्याच्या तारखा लिहितात, मजुरी चुकती करायला. दोन वर्षांपूर्वी मी त्यांना म्हटलं, कोणाला गरगरलं तर त्याच चौकोनात एक फुली मारत जा. त्या हसल्या, पण मारतात. यंदा पोळ्यापर्यंत तीन फुल्या होत्या. त्यातली एक काकाजींची; आणि ती उन्हाची आहे असं ते अजूनही म्हणतात.