अपिलातील पक्षकार : लोकमान्य टिळकांचे अनुभव (१८९७–१९१६)

न्यायालयाच्या पहिल्या पायरीवर पक्षकार प्रत्यक्ष उभा असतो. त्याची जबानी होते, त्याची मुद्रा न्यायाधीश पाहतात, त्याचा आवाज ज्युरी ऐकते. अपिलात यातील काहीच उरत नाही. तेथे उरतात ते छापील कागद, खालच्या न्यायालयाचा निर्णय आणि वकिलाचा युक्तिवाद. हिंदुस्थानातील पक्षकाराच्या बाबतीत आणखी एक अंतर पडत असे. त्याचे मूळ शब्द देशी भाषेतील. निर्णय व्हावयाचा तो त्यांच्या इंग्रजी रूपावर. अपिलाचा इतिहास लिहिताना न्यायनिर्णयांची आणि नामांकित बॅरिस्टरांच्या वक्तृत्वाची नोंद झाली. परंतु ज्याच्यासाठी हे सर्व चालते त्या पक्षकाराचा अनुभव काय, हा प्रश्न बहुधा बाजूलाच राहिला. या प्रश्नाच्या विचारासाठी लोकमान्य टिळकांचे उदाहरण विशेष उपयुक्त आहे. ते स्वतः १८७९ मध्ये कायद्याचे पदवीधर झालेले होते. सुमारे वीस वर्षांच्या काळात फौजदारी व दिवाणी अशा दोन्ही प्रकारांत ते वरिष्ठ न्यायालयांपुढे गेले. आणि प्रत्येक वेळी वादाचा गाभा त्यांच्या शब्दांचा अर्थ अथवा त्यांच्या शब्दाची विश्वसनीयता हाच होता.

१८९७ चा खटला प्रथम घेऊ. ‘केसरी’च्या १५ जून १८९७ च्या अंकातील मजकुरावरून टिळकांवर दंडविधानाच्या १२४-अ कलमाखाली आरोप ठेवण्यात आला. प्रारंभी दिनशा दावर यांनी त्यांच्या वतीने जामिनासाठी युक्तिवाद केला आणि न्या. बद्रुद्दीन तय्यबजी यांनी तो मान्य केला. सप्टेंबरात न्या. स्ट्रेची यांच्यापुढे खटला चालला. ज्युरीतील सहा युरोपियनांनी दोषी, तर तीन हिंदी सभासदांनी निर्दोषी असे मत दिले, आणि टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. कलमातील ज्या इंग्रजी शब्दासाठी मराठीत ‘अप्रीती’ हा शब्द रूढ झाला, त्याचा अर्थ सांगताना न्या. स्ट्रेची यांनी ज्युरीला ‘प्रीतीचा अभाव’ असा अर्थ सांगितला व पुढे द्वेष, शत्रुत्व, तिरस्कार इत्यादी भाव त्यात घातले.

येथे भाषेच्या अभ्यासकाने थांबावे असे काही आहे. नञ् समासाचे जे अर्थ आपल्या व्याकरणपरंपरेने सांगितले आहेत, त्यांत अभाव आणि विरोध हे दोन वेगळे मानले आहेत. ‘अज्ञान’ म्हणजे ज्ञान नसणे. ‘अधर्म’ म्हणजे केवळ धर्म नसणे नव्हे, तर धर्माच्या उलट वागणे. ‘अप्रीती’चा अर्थ अभावाकडे झुकवावयाचा की विरोधाकडे, यावर माणसाची मुक्तता किंवा तुरुंगवास अवलंबून होता. सरकारवर प्रेम नसणे हाच अपराध ठरला, तर टीकाकाराला जागाच उरत नाही.

हा प्रश्न प्रिव्ही कौन्सिलपुढे मांडण्यासाठी वकीलही त्या योग्यतेचे मिळाले. हर्बर्ट ॲस्क्विथ हे पूर्वी गृहमंत्री होते आणि पुढे १९०८ मध्ये पंतप्रधान झाले. ज्युरीला कायदा चुकीचा सांगितला गेला, हा त्यांच्या मांडणीचा कणा होता. तथापि फौजदारी प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलकडे अपिलाचा हक्क नव्हता. विशेष परवानगी मागावी लागे, आणि १८८७ च्या डिलेट प्रकरणापासून ती केवळ न्यायाचा गंभीर विपर्यास झाला असेल तरच द्यावी असे धोरण होते. नोव्हेंबर १८९७ मध्ये परवानगी नाकारण्यात आली. न्या. स्ट्रेची यांचे ज्युरीपुढील निवेदन समग्रपणे पाहिले असता त्यात दुरुस्ती करण्याजोगे काही दिसत नाही, असा त्या नकाराचा आशय होता. पक्षकार तेव्हा तुरुंगात होता. वकील कुशल होता, मुद्दा खरा होता; पण दारच उघडले नाही. १८९८ मध्ये कलमात दुरुस्ती होऊन बेइमानी व शत्रुत्वाच्या सर्व भावना ‘अप्रीती’त समाविष्ट असल्याचे स्पष्टीकरण घालण्यात आले. वादातील मुद्दा पोकळ नव्हता, एवढे तरी यावरून दिसते.

१९०८ मध्ये टिळकांनी वेगळा मार्ग धरला. ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या लेखांवरील खटल्यात महंमद अली जिना यांनी जामिनासाठी अर्ज चालविला. न्यायासनावर या वेळी तेच दावर होते; अकरा वर्षांपूर्वी ज्या पक्षकारासाठी त्यांनी जामीन मिळविला होता, त्यालाच त्यांनी आता तो नाकारला. मुख्य खटल्यात टिळकांनी आपला बचाव स्वतःच केला. सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी त्यांनी घेतली, शब्दाशब्दाच्या छटांवर प्रश्न विचारले आणि एकवीस तासांहून अधिक काळ भाषण केले. मराठी लेखाचा अर्थ मराठी लेखकानेच सांगावा, ही त्यांची भूमिका त्यात स्पष्ट दिसते. सात विरुद्ध दोन अशा मताने ज्युरीने त्यांना दोषी ठरविले. सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली व त्यांना मंडालेस पाठविण्यात आले. प्रिव्ही कौन्सिलकडील प्रयत्नासाठी दादासाहेब खापर्डे विलायतेस गेले, परंतु तेथेही यश आले नाही. मध्यस्थ नको म्हणणाऱ्या पक्षकाराला खालच्या न्यायालयात स्वतः बोलता येते. अपिलात ती सोय नसते.

ही गैरहजेरी सर्वांत जाचक झाली ती दिवाणी दाव्यात. बाबामहाराज पंडित ऑगस्ट १८९७ मध्ये वारले. त्यांच्या मृत्युपत्रान्वये टिळक एक विश्वस्त होते. जून १९०१ मध्ये औरंगाबादेस जगन्नाथ यास दत्तक घेण्यात आले. त्यानंतर ताईमहाराजांनी दुसरा दत्तक घेतला आणि दावे सुरू झाले. त्यातून निघालेल्या फौजदारी खटल्यात खालच्या न्यायालयाने टिळकांना दिलेली शिक्षा मार्च १९०४ मध्ये मुंबई हायकोर्टाने रद्द केली. दिवाणी दाव्यात १९०६ मध्ये पुण्यास जगन्नाथाच्या बाजूने निकाल झाला. मात्र १९१० मध्ये हायकोर्टाने तो फिरवला. औरंगाबादचा दत्तकविधी दडपणाखाली झाला असे ठरवताना टिळक व त्यांचे सहकारी यांच्या साक्षी अविश्वसनीय मानल्या गेल्या. त्या वेळी टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. ज्याच्या सचोटीबद्दल निर्णय होत होता तो मनुष्य हजारो मैल दूर होता, आणि त्याच्या हाती होते ते केवळ पत्र. भाचे धोंडोपंत विद्वांस यांना मंडालेहून लिहिलेल्या पत्रांत या दाव्यासंबंधीच्या सूचना वारंवार येतात. गीतारहस्याच्या लेखनात मग्न असलेला बंदी म्हणून या काळातील टिळकांचे चित्र परिचित आहे. त्याच कोठडीत एक चिंताग्रस्त पक्षकारही होता, हे सहसा लक्षात घेतले जात नाही.

मार्च १९१५ मध्ये, टिळकांची सुटका होऊन नऊ महिने झाल्यावर, प्रिव्ही कौन्सिलने हायकोर्टाचा निकाल रद्द करून पुण्याचा निकाल कायम केला. लॉर्ड शॉ यांनी दिलेल्या या निर्णयाचे महत्त्व दत्तकाच्या वैधतेपुरते नाही. हायकोर्टाने काही पत्रांचा आधार घेऊन साक्षीदारांना खोटे ठरवले होते. पण ती पत्रे साक्षीदारांपुढे ठेवून त्यांना खुलासा विचारण्यात आला नव्हता. कागदाच्या आधारे माणसाला खोटे ठरवावयाचे असेल, तर तो कागद आधी त्याला दाखवून खुलाशाची संधी दिली पाहिजे, हे तत्त्व तेथे ठामपणे सांगण्यात आले. पुराव्याच्या कायद्यातील १४५ व्या कलमाच्या चर्चेत हा निर्णय पुढे दीर्घकाळ उद्‌धृत होत राहिला. पक्षकाराच्या दृष्टीने पाहता त्याचा अर्थ अधिक साधा आहे. जो बोलू शकला नाही, त्याला बोलण्याची संधी मिळावयास हवी होती, हे अखेर सर्वोच्च पायरीवर मान्य झाले.

१९१६ चे प्रकरण म्हणजे या सर्व अनुभवांचा जणू समारोप होय. बेळगाव व अहमदनगर येथील होमरूलवरील तीन भाषणांमुळे टिळकांकडून वीस हजार रुपयांचा जातमुचलका आणि प्रत्येकी दहा हजारांचे दोन जामीन मागण्यात आले. पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटने ऑगस्टमध्ये तसा हुकूम केला. त्याविरुद्ध हायकोर्टात पुनरीक्षणाचा अर्ज करण्यात आला व तो जिनांनी चालविला. या भाषणांत टिळकांनी वेदान्ताची परिभाषा वापरून दृश्य सरकार आणि अदृश्य सरकार असा भेद केला होता. ब्रह्म आणि माया यांच्यातील भेदासारखा तो त्यांनी समजावून दिला होता. टीका होती ती दृश्य सरकारवर, म्हणजे नोकरशाहीवर. जिनांनी हा भेद कायद्याच्या भाषेत आणला : कलमातील ‘कायद्याने प्रस्थापित सरकार’ निराळे आणि सनदी नोकरवर्ग निराळा, नोकरवर्गावरील टीका या कलमात येऊच शकत नाही.

न्या. बॅचलर यांनी हा मुद्दा या स्वरूपात स्वीकारला नाही. सरकार माणसांच्या द्वाराच कार्य करते आणि नोकरवर्ग हे त्याचे प्रमुख साधन आहे; म्हणून सबंध नोकरवर्गावरील टीकेने सरकारविषयी अप्रीती उत्पन्न होते की नाही, हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे, असे त्यांनी म्हटले. म्हणजे पक्षकाराचा आवडता सिद्धान्त कोर्टात टिकला नाही. तरीही ९ नोव्हेंबर १९१६ रोजी न्या. बॅचलर व न्या. शहा यांनी मॅजिस्ट्रेटचा हुकूम रद्द केला. सुटी वाक्ये वेचून त्यांना अवाजवी वजन देऊ नये, भाषणे समग्रपणे व मोकळ्या मनाने वाचावीत, आणि तशी वाचली असता त्यांचा एकूण परिणाम कलमाच्या कक्षेत येत नाही, असा निर्णयाचा सारांश होता. १८९७ मध्ये ‘समग्र वाचना’चा लाभ न्यायाधीशाच्या निवेदनाला मिळाला होता, १९१६ मध्ये तो वक्त्याच्या भाषणाला मिळाला.

या अनुभवांवरून अपिलाच्या वकिलाचे कौशल्य कशात असते, याविषयी एक मत बांधता येते. पक्षकाराचे म्हणणे जसेच्या तसे मोठ्या आवाजात मांडणे, हे ते कौशल्य नव्हे. तसे असते तर १९०८ चा एकवीस तासांचा बचाव सर्वांत यशस्वी ठरला असता. अर्थात त्या बचावाचे मोल निकालावरून ठरवणे योग्य नाही. १९५६ मध्ये त्या वेळचे टिळकांचे उद्गार त्याच हायकोर्टात शिलेवर कोरण्यात आले, यावरून त्याचा खरा श्रोता कोण होता ते कळते. केवळ नाव आणि विद्वत्ता हेही ते कौशल्य नव्हे; ॲस्क्विथ यांच्या बाबतीत ते दिसून आले. पक्षकाराच्या म्हणण्यातून न्यायालयाला ज्याचे उत्तर देता येईल असा प्रश्न वेगळा काढणे, आणि तो पडला तरी दुसरा उभा राहील अशी तयारी ठेवणे, हे ते कौशल्य होय. याची किंमत पक्षकार देतो. ज्या शब्दांवर त्याचा जीव असतो, ते शब्द बाजूला पडतात आणि दुसऱ्याच कारणासाठी तो जिंकतो. टिळकांसारख्या कायदा जाणणाऱ्या व शब्दाविषयी आग्रही असणाऱ्या गृहस्थाने १९१६ मध्ये ही किंमत पत्करली, ती आधीच्या दोन दशकांचा अनुभव पाठीशी असताना.

१२४-अ कलमाच्या अर्थाला १९६२ मध्ये केदारनाथ सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मर्यादा घातली. २०२२ मध्ये त्याचा अंमल स्थगित झाला. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो ‘अप्रीती’वाचक शब्द त्या स्थानी राहिला नाही. त्या एका शब्दाच्या अर्थासाठी झालेल्या वादांत पक्षकाराचा वाटा किती होता, हे मात्र केवळ निर्णयसंग्रह वाचून समजत नाही. त्यासाठी तुरुंगातील पत्रे, मूळ मराठी भाषणे आणि त्यांची न्यायालयीन भाषांतरे शेजारी ठेवून वाचावी लागतात. मराठीच्या अभ्यासकांना हे काम इतरांहून अधिक सुलभ आहे, आणि म्हणून ते त्यांच्याकडेच येते.