गावरान अंडं आणि पिंजऱ्यातली कोंबडी

पूर्वी बीडकडच्या आठवडी बाजारात अंडी यायची ती घरच्या बाईच्या टोपलीतून, आणि तो पैसा तिचा स्वतःचा असायचा. १९७१ साली पुण्यात वेंकटेश्वरा हॅचरीज निघाली, पिंजऱ्यातल्या कोंबड्या वाढल्या. १९८२ पासून राष्ट्रीय अंडी समन्वय समिती भाव जाहीर करू लागली. पांढरी लेगहॉर्न वर्षाला अडीचशेवर अंडी देते, गावरान कोंबडी साठ-सत्तर. आकड्यात बरोबरी व्हायची नाही! पण पिंजऱ्यातलीला मका न् सोयाबीनची पेंड लागते. म्हणजे आपलंच सोयाबीन बाहेर जातं अन् अंडं होऊन गावात विकत येतं. गावरान कोंबडी उकिरडा उकरून बरंचसं पोट भरते. तिच्या अंड्याला गिऱ्हाईक जादा दाम मोजतं. मात्र मानमोडीची लस वेळेवर टोचून घ्या, नाहीतर आठवड्यात खुराडं रिकामं होतं.