सात वेळा लुकलुकणारा हिरवा दिवा

ज्यांना कानात इअरफोन खुपसून बसायला सवड नाही, त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी उतारा. बोलताना जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी बहुतेक तसंच आहे.

सीताबर्डी म्हटलं की इतिहासवाल्यांना १८१७ आठवतं. नोव्हेंबरची २६ आणि २७ तारीख, टेकडीवरची लढाई, भोसले आणि इंग्रज. त्या किल्ल्यावर आपण कधीतरी बोलूच. आज त्याच टेकडीच्या पायथ्याशी, बर्डीच्या गर्दीत, माझ्या पिशवीत असलेल्या एका मुक्या डब्याची गोष्ट सांगतो. हाही इतिहासच आहे, फक्त तो पत्त्याच्या कॅटएवढ्या बोर्डात मावतो.

तर झालं असं. आजोबांचा एक जुना लाकडी रेडिओ आमच्या घरी आहे, व्हॉल्व्हचा. आजोबा होते तेव्हा तो ५८५ वर, म्हणजे आकाशवाणी नागपूरवरच लावलेला असायचा. त्या काळी रेडिओ ठेवायला पोस्टातून लायसन्स काढावं लागे, ते पिवळं पडलेलं पुस्तक आजीने अजून जपून ठेवलंय. रेडिओ कधीच बंद पडला. आजीला आता नीट दिसत नाही, स्मार्टफोन तिला झेपत नाही. म्हणून मी त्या लाकडी पेटीत एक रास्पबेरी पाय बसवला, त्याला छोटे स्पीकर जोडले. वायर लावली की दोन मिनिटांत आपोआप आजोबांचा आवाज सुरू! आजोबांनी नव्वदच्या दशकात पाच कॅसेटमध्ये स्वतःच्या आठवणी भरून ठेवल्या होत्या. त्या मी कॉम्प्युटरवर घेतल्या आणि पायच्या कार्डात टाकल्या.

आणि इथे माझा मूर्खपणा कबूल करतो. कॉपी एकच होती, त्याच कार्डात. कॅसेटना बुरशी लागली होती, दोन तर कॉपी करतानाच तुटल्या. म्हटलं, कार्ड आहे ना आता.

मे महिन्यात वादळ आलं, रात्रभर लाईट ये-जा करत होती. सकाळी आजी म्हणाली, "काऊन रे, आज बोलत नाही का तुझा डबा?"

पेटी उघडली. लाल दिवा मधूनच विझत होता, हिरवा मुळीच पेटत नव्हता.

आता जरा मागे जाऊ, कारण हे दिवे काय सांगतात ते इतिहासाशिवाय कळत नाही. १९८१ च्या डिसेंबरमध्ये ब्रिटनमध्ये बीबीसी मायक्रो नावाचा कॉम्प्युटर बाजारात आला. बीबीसी म्हणजे तीच, रेडिओवाली. लोकांनी कॉम्प्युटर शिकावा म्हणून त्यांनी टीव्हीवर कार्यक्रम केला आणि सोबतीला केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीकडून हे मशीन बनवून घेतलं. हे मशीन भारतातही आलं होतं, बरं का. १९८४-८५ मध्ये सरकारने 'क्लास' नावाची योजना काढली आणि सुमारे २५० शाळांमध्ये बीबीसी मायक्रो बसवले. तुमच्या काका-मामांपैकी एखाद्याने बंद खोलीत, चपला बाहेर काढून, तो पाहिलेला असू शकतो.

या मशीनची एक खासियत होती. बटण दाबलं की लगेच दोन सुरांचा 'बू-बीप' आवाज यायचा. सिस्टीम आतल्या रॉम चिपमध्ये कायमची कोरलेली, त्यामुळे ती बिघडायचा प्रश्नच नाही. आवाज आला म्हणजे मशीन जिवंत. सुरू होणं आणि आवाज येणं, दोन्ही परीक्षा एका सेकंदात पास!

पुढे केंब्रिजमध्येच एबेन अप्टन यांच्या लक्षात आलं की कॉम्प्युटर शिकायला येणाऱ्या मुलांची संख्याही घटतेय आणि आल्यावर त्यांना पूर्वीइतकं येतही नाही. घरात कॉम्प्युटर होते, पण उघडून बघायची परवानगी कुणालाच नव्हती. बीबीसी मायक्रोसारखं, बिघडलं तरी आई ओरडणार नाही असं स्वस्त मशीन हवं, या विचारातून रास्पबेरी पाय आला. २९ फेब्रुवारी २०१२ ला विक्री सुरू झाली, किंमत ३५ डॉलर, आणि विकणाऱ्या दोन्ही कंपन्यांच्या वेबसाइट गर्दीने कोलमडल्या. मॉडेल ए आणि मॉडेल बी ही नावंसुद्धा बीबीसी मायक्रोवरूनच घेतलेली. गंमत म्हणजे, पहिल्या खेपेत नेटवर्कचा जॅकच चुकीचा बसवला गेला होता, तो बदलण्यात दिवस गेले. म्हणजे या पोराची सुरुवातच दुरुस्तीने झाली.

३५ डॉलरमध्ये बसवायचं तर काय काय काटलं? पॉवर बटण काटलं. चार्जर दिला नाही, फोनचाच वापरा म्हणाले. आतली रॉम काटली, सिस्टीम मेमरी कार्डवर ठेवली. आणि आवाजासाठी वेगळी चिप घातली नाही. माझ्या मते पायची जवळजवळ सगळी दुखणी या यादीतून निघतात.

माझा बोर्ड पाय ३. ज्याला स्थिर पाच व्होल्ट आणि अडीच अँपिअरपर्यंत करंट लागतो, त्याला मी ड्रॉवरमधला जुना चार्जर आणि बारीक केबल लावली होती. व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की लाल दिवा विझतो. म्हणजे लाल दिवा मिचकावतोय याचा अर्थ 'मला पोटभर मिळत नाहीये'. इथे मला एक जुना किस्सा आठवून हसू आलं. पायमधला प्रोसेसर एआरएम जातीचा, ती जातही एकॉर्नमध्येच जन्मली. पहिली एआरएम चिप २६ एप्रिल १९८५ ला चालू झाली. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांची ही रचना. फर्बर करंट मोजायला गेले तर मीटरवर शून्य! चिप मात्र मजेत काम करत होती. नंतर कळलं की तिची वीज जोडलेलीच नव्हती, शेजारच्या तारांमधून झिरपणाऱ्या विजेवर ती चालत होती. मूळपुरुष उपाशीपोटी धावला, आणि त्याचा नातू माझ्या घरी अर्ध्या पोटी रुसून बसला.

बर्डीवर गेलो. मेट्रोतून उतरून गल्लीत शिरलो, जाड केबल आणि चांगला चार्जर घेतला, दुकानातच लावून पाहिला. लाल दिवा स्थिर झाला. मग हिरवा सुरू झाला. एक, दोन, तीन... सात वेळा लुकलुकला, थांबला, परत सात.

काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "भाऊ, कार्ड गेलं तुमचं. आणा, बघतो." त्याने कार्ड काढून आपल्या विंडोजच्या कॉम्प्युटरला लावलं. स्क्रीनवर आलं, ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करू का? त्याचा माउस 'हो'कडे निघालेला मी पाहिला आणि अक्षरशः त्याचा हात धरला. "अबे थांब!" एवढंच तोंडातून निघालं. दुकानातले लोक वळून बघायला लागले.

त्या पोराचा दोष नाही. विंडोजला त्या कार्डाचा अर्धा भागच वाचता येतो. पायच्या कार्डावर दोन कप्पे असतात. पहिला छोटा, सुरू होण्यापुरता, जुन्या फॅट पद्धतीचा. दुसरा मोठा, लिनक्सचा, त्यात सगळा माल. दुसरा कप्पा विंडोजला अनोळखी, म्हणून ते म्हणतं रिकामा आहे, फॉरमॅट करू का.

आणि पहिला कप्पा का लागतो? तर पायची मूळ चिप टीव्हीच्या डब्यांसाठी, व्हिडिओसाठी बनवलेली. त्यामुळे वीज आली की आधी ग्राफिक्सचा भाग जागा होतो, मुख्य प्रोसेसर झोपलेलाच असतो. ग्राफिक्सवाला पहिल्या कप्प्यातून एकेक फाइल वाचतो, सेटिंगची चिठ्ठी बघतो, शेवटी लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल मेमरीत ठेवतो आणि मग प्रोसेसरला उठवतो. घरातल्या पाहुण्याने आधी उठून चहा ठेवावा आणि मग यजमानाला हाक मारावी, तसं. यात कुठे अडलं तर तो हिरवा दिवा मोजून लुकलुकवतो. सात म्हणजे कर्नलची फाइल सापडत नाही.

मला तिथेच जरा धीर आला. कर्नल पहिल्या कप्प्यात, आजोबा दुसऱ्या कप्प्यात. रात्री लाईट गेली तेव्हा अपडेट चालू असणार आणि पहिल्या कप्प्यात लिहिताना घोळ झाला. दुसरा वाचलेला असू शकतो. असू शकतो, एवढंच. घरी येईपर्यंत कार्ड शर्टाच्या खिशात, हात खिशावर.

मित्राच्या लिनक्स लॅपटॉपवर आधी अख्ख्या कार्डाची जशीच्या तशी प्रत काढली. दुरुस्तीच्या आधी प्रत, हा क्रम चुकवू नका. मग ती प्रत उघडली. फाइली होत्या. पाचही. वाजवून पाहिली नाही तेव्हा, हिंमत झाली नाही, आधी दोन ठिकाणी कॉपी केल्या.

नव्या कार्डावर नवीन सिस्टीम टाकली, फाइली टाकल्या, जुनी आपोआप सुरू होणारी स्क्रिप्टही टाकली. दिवे अगदी शहाण्यासारखे. आणि आवाज? शून्य.

आता हा तिसरा इतिहास, जरा लवकर सांगतो. लिनक्सला १९९२ मध्ये फिनलंडच्या हन्नू साव्होलाइनेन यांनी साउंड कार्डासाठी बोलायला शिकवलं. १९९८ च्या सुमारास चेक प्रोग्रॅमर यारोस्लाव्ह किसेला यांनी अल्सा सुरू केलं, ते आजही तळाशी आहे. त्याची एक जुनी सवय म्हणजे नव्याने सुरू होताना आवाज म्यूट. त्यावर २००४ मध्ये पल्सऑडिओ आलं, नंतर पाइपवायर. एकावर एक मजले चढत गेले, आणि प्रत्येक मजल्यावर आवाजाचं वेगळं बटण. पायमध्ये आवाज जायला वाटाही दोन, टीव्हीची एचडीएमआय आणि हेडफोनचा जॅक. पूर्वी या दोन्ही वाटा एकाच कार्डाच्या होत्या, एका कमांडने वाट बदलता यायची. २०२० मध्ये त्या वेगळ्या कार्डांमध्ये विभागल्या. माझ्या स्क्रिप्टमध्ये २०१६ ची कमांड. ती बिचारी बंद झालेल्या दाराची कडी वाजवत होती, आणि आजोबा एचडीएमआयमधून, न जोडलेल्या टीव्हीला आठवणी सांगत होते!

कार्डाचा नंबर काढून तिथे 'हेडफोन्स' हे नाव लिहिलं, कारण नंबर बदलतात. अल्सामिक्सर उघडलं, म्यूट काढला. जॅकमधून थोडी खरखर येते, वेगळी आवाजाची चिप नाही त्याचा हा परिणाम. नव्या पाय ५ वर तर तो जॅकच काढून टाकलाय. स्वच्छ हवं असेल तर यूएसबीचं छोटं साउंड कार्ड मिळतं. मी आणलंही होतं. लावलं, आजीला ऐकवलं.

आजी म्हणाली, "ते काढ. पहिल्यासारखंच राहू दे."

व्हॉल्व्हचा रेडिओ तापायला अर्धा मिनिट घ्यायचा, आणि तापताना थोडा खरखरायचा. हे मला तिने नंतर सांगितलं. पेटी पुन्हा बंद केली, खरखर तशीच ठेवली. आता रोज सकाळी आजी वायर लावते, दोन मिनिटं हात मांडीवर ठेवून बसते, मग आजोबा बोलायला लागतात.