हटरी आणि किल्ला

लहानपणी दिवाळीत आम्ही मातीचा किल्ला करायचो आणि समोर राहणारा माझा मित्र मातीचं दुकान आणायचा. दुकान म्हणजे हटरी. चार खांब, वर छत, आत पणती ठेवायला जागा, सगळं भडक रंगात रंगवलेलं. लक्ष्मीपूजनाला सिंधी घरांत ती पुजतात. रीत अशी की घरात जितके मुलगे तितक्या हटऱ्या. सिंधीत ‘हट’ म्हणजे दुकान, आपल्या ‘हाट’ची मावसबहीण, हटरी म्हणजे चिमुकलं दुकान. आमच्या किल्ल्यावर मावळे पहारा द्यायचे आणि पलीकडे त्याच्या दुकानात लाह्या-बत्तासे मांडलेले असायचे. एका वर्षी आम्ही त्या दुकानावर स्वारी केली आणि बत्तासे लुटून आणले. सुरत ती हीच, अशी आमची खात्री होती. त्याची आजी, जिला आम्ही सगळे दादी म्हणायचो, ओरडली नाही. मूठभर बत्तासे आणखी देत म्हणाली, “लूटते क्यों हो, माँग लिया करो.”

हे सगळं उल्हासनगर कॅम्प चारमधलं. आजोबा रेयॉनच्या कारखान्यात लागले म्हणून आम्ही इथे आलो, आणि राहिलो. मी इंजिनियर झालो, नोकरीला लागलो आणि पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारलं, “कुठून येतोस?” मी म्हणालो, “कल्याण.” उल्हासनगर म्हटलं की पुढचा विनोद ठरलेला असतो: यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, आणि ‘मेड इन यूएसए’ चे सगळे डुप्लिकेट मालाचे किस्से. तो विनोद एकदा ऐकायला मजा येते. चाळिसाव्यांदा येत नाही. म्हणून जवळजवळ तीन वर्षं मी कल्याणला राहत होतो. पत्ता खोटा, पण ऐतिहासिकदृष्ट्या अगदीच चूक नव्हता, हे मला नंतर कळलं.

कारण या गावाचं मूळ नाव कल्याण कॅम्पच. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने कल्याणजवळच्या माळावर ही छावणी उभारली. दोन हजारांहून अधिक बराकी: मध्ये लांबलचक हॉल आणि दोन्ही टोकांना खोल्या. युद्ध संपलं, सैनिक गेले, बराकी ओस पडल्या. मग फाळणी झाली. सिंध अख्खाच्या अख्खा पाकिस्तानात गेला. पंजाबसारखा त्याचा अर्धा भाग इकडे उरला नाही. 6 जानेवारी 1948 ला कराचीत दंगल झाली आणि तोवर ‘बघू, थांबू’ म्हणणारेही बोटीत बसले. मुंबईच्या गोदीत उतरलेल्या हजारो माणसांना आगगाडीने कल्याणला आणून या बराकींत ठेवलं. 8 ऑगस्ट 1949 ला गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी आले आणि शेजारच्या नदीवरून छावणीचं नाव उल्हासनगर झालं. कागदोपत्री नगर झालं, लोकांच्या तोंडात कॅम्पच राहिला. आजही रिक्षावाला ‘कॅम्प तीन की चार’ असंच विचारतो. 2011 च्या जनगणनेत इथे 5 लाख 6 हजार माणसं होती, साधारण 13 चौरस किलोमीटरमध्ये. यावरून इथल्या घरांचा अंदाज यावा.

दादी आली तेव्हा आठ वर्षांची होती. बराकीच्या हॉलमध्ये दोन कुटुंबांच्या मध्ये भिंत नव्हती. गोणपाट नाहीतर जुनी चादर दोरीवर टाकलेली. तिला तिथली सगळ्यात जास्त आठवण आहे ती आवाजांची. कोण रडतंय, कोण भांडतंय, कोणाकडे आज डाळ शिजतेय, सगळं कळायचं. अशा ठिकाणी पाहुणा आला तर त्याला बसवायचं कुठे? तिच्या आईने त्यावर उपाय काढला होता. पाहुण्याला बाहेर खाटेवर बसवायचं, निखाऱ्यावर भाजलेला पापड द्यायचा, मग पाणी. पापड-पाणी ही सिंधी घरांतली जुनीच रीत, उन्हातून आलेल्याला आधी काहीतरी खारट द्यायचं. पण छावणीत ती अब्रू राखायचं साधन झाली. एका पापडात यजमानपण निभावता यायचं.

आणि त्याच पापडात पोटही भरायचं. सिंधमध्ये ज्यांच्या घरी धान्याची कोठारं होती, त्या बायका इथे पापड लाटून विकू लागल्या. त्यांचे नवरे, बऱ्याचदा त्यांची शाळकरी पोरं, ते पापड आणि गोळ्या-बिस्किटं घेऊन लोकलमध्ये चढायची. फाळणीनंतरच्या सिंधी समाजावर जे लिहिलं गेलंय, त्यात हे चित्र पुन्हा पुन्हा भेटतं. मला त्यातला हिशेब आवडतो. धंद्याला लागतं काय, तर उडदाचं पीठ, भरडलेली मिरी, जिरं, पापडखार, थोडं तेल, लाटणं आणि ऊन. ऊन कॅम्पात फुकट होतं, बायकांचे हात फुकट धरले जात. माल खराब होत नाही, वजनाला हलका, आणि उरला तर घरात खाता येतो. आमच्या धंद्यात याला कमीत कमी भांडवलात उभं केलेलं स्टार्टअप म्हणतील आणि त्यावर भाषणं देतील. दादीच्या आईला भाषण द्यायला वेळ नव्हता. तिची बोटं पापडखाराने कायम सोललेली असायची.

15 मार्च 1959 ला गिरगावातल्या एका गच्चीवर सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून लिज्जत उभी राहिली, आणि ते कौतुक रास्तच आहे. पण त्याच्या दहा वर्षं आधीपासून कल्याण कॅम्पात हेच चाललं होतं, आणि त्याला ना नाव होतं ना संस्था. गुजराती बायकांनी एकत्र येऊन सहकारी संस्था केली. सिंधी बायकांनी घराघरात केलं आणि घर सावरलं की बऱ्याच जणींनी सोडून दिलं. नवऱ्याचं दुकान चालू लागलं की बायकोने पापड विकणं कमीपणाचं वाटू लागलं असणार. हा माझा तर्क आहे, पण दादीनेही तो खोडला नाही. ती फक्त हसली.

माझी आजी मात्र सुरुवातीला या पापडांवर नाराज होती. आमच्याकडे वाळवण चैत्र-वैशाखात. कुरडया, सांडगे, उडदाचे पापड, सगळं वर्षाचं एकदम करायचं, डब्यात भरायचं आणि सणावाराला मोजून तळायचं. समोर बारा महिने पापड वाळत घातलेले बघून ती म्हणायची, “रोज पापड खातात म्हणजे काय, रोज काय सण आहे?” पुढे तिने दादीकडून मिरी भरडायचं प्रमाण शिकून घेतलं आणि दादीने तिच्याकडून कुरडयांचा चीक. दोघींची भाषा मोडकं हिंदी. चाळीस वर्षं त्या एकमेकींशी चुकीच्या व्याकरणात बोलल्या आणि गैरसमज असा एकदाही झाला नाही.

सणांचंही तेच. मला वाटायचं की चेटीचंडची मिरवणूक, तो बहराणो, टिपऱ्या घेऊन नाचायचा छेज, हे सगळं जसंच्या तसं सिंधूकाठावरून आलंय. झुलेलालची भक्ती जुनी आहेच. पण नववर्षाचा हा दिवस सगळ्या सिंधींचा सार्वजनिक सण झाला तो फाळणीनंतर, 1950 च्या दशकात, आणि त्यात मोठा वाटा प्रा. राम पंजवानींचा. कराचीहून आलेल्या शिक्षकांनी 1948 मध्ये मुंबईत काढलेल्या जयहिंद कॉलेजात ते शिकवायचे आणि मटका वाजवत गायचे. जमीन गेलेल्या लोकांना एकत्र यायला काहीतरी निमित्त हवं, म्हणून त्यांनी हा दिवस गावोगाव गाऊन रुजवला. गणपती घरातून रस्त्यावर आणला तेव्हाही कुणीतरी विचार केलाच होता. सण असे ठरवून मोठे करता येतात याचं मला आधी वाईट वाटलं, जणू कुणीतरी फसवलं. आता वाटत नाही.

बाकीचे सण घरातच राहिले. होळीच्या आधी कॅम्पात घीयर दिसू लागतो, जिलेबीचा ताटाएवढा, आंबटगोड थोरला भाऊ. लेकीच्या सासरी तो पाठवायचाच. थदडीला चूल पेटत नाही, आदल्या दिवशीचा गोड लोला आणि कोकी खायची, आपल्या शीतळा सप्तमीसारखं. आणि दिवाळीला हटरी.

हटरीवर दादीची नात, म्हणजे माझ्या मित्राची बहीण, दरवर्षी भांडायची. मुलांनाच का? ती दहा-अकरा वर्षांची असताना तिने स्वतःची केली. बुटांचं खोकं, त्यावर कॅम्प पाचमधल्या जीन्सच्या कारखान्यातून आणलेली कतरण चिकटवलेली, खांब म्हणून दोऱ्याच्या रिकाम्या रिळा, आणि छताच्या कडेने तांब्याची बटणं. एक पैसा खर्च नाही. पणती ठेवली असती तर पेटली असती म्हणून आत बॅटरी. दादीने ती भावाच्या हटरीशेजारी ठेवली आणि दोन्हींची पूजा केली. घरात थोडी कुजबुज झाली. पुढच्या वर्षीपासून तीच कतरणीची हटरी दरवर्षी निघू लागली. मातीच्या फुटायच्या, ही टिकली.

मित्रांबरोबर बाहेर खाणं आमच्याकडे दालपकवानपासून सुरू झालं. रविवारी सकाळी गाडीवर कडक तळलेला पकवान, वर चण्याची डाळ, कांदा, चिंचेची चटणी. पुढे नोकऱ्या लागल्या, एसी हॉटेलं आली, वाढदिवस तिथे होऊ लागले. मला हे चैनीचं लक्षण वाटायचं, आणि घरचे तसंच बोलूनही दाखवायचे. दादीचं म्हणणं वेगळं होतं. “हमने तो हमेशा बाहर ही खिलाया है,” ती म्हणायची. बराकीत जागा नव्हती म्हणून खाटेवर, मग वन रूम किचनमध्ये जागा नव्हती म्हणून गच्चीवर. पाहुणे आले की घर लहान पडतं, ही या गावातली तीन पिढ्यांची तक्रार.

आणि गच्चीही राहिली नाही. मे 2021 मध्ये कॅम्पात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसं गेली. त्यानंतर प्रत्येक जण रात्री स्वतःच्या छताकडे बघत झोपू लागला. बराकी पाडून घाईघाईत उभ्या केलेल्या इमारतींचं काय आहे, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. मित्राची इमारत रिकामी करावी लागली. सत्तर वर्षांनी दादी पुन्हा एकदा सामान बांधून निघाली. या वेळी प्रवास रिक्षाचा, बदलापूरला, भाड्याच्या फ्लॅटमध्ये. तिने सोबत पापडाचं लाटणं घेतलं. बाकी काय टाकायचं ते सुनेवर सोडलं.

त्या वर्षीची दिवाळी नव्या फ्लॅटमध्ये करायला कुणाचं मन होईना. शेवटी पाडव्याला आम्ही सगळे, त्यांचं कुटुंब आणि आमचं, कल्याणमधल्या एका हॉटेलात जेवायला गेलो. बहिणीने पिशवीतून ती कतरणीची हटरी काढली आणि टेबलावर ठेवली. तांब्याची दोन बटणं गळाली होती. आतली बॅटरी कधीच संपलेली. तिने फोनचा टॉर्च लावून फोन आत सरकवला आणि वेटर दोन मिनिटं ऑर्डर घ्यायचं विसरून बघत राहिला. “कुठून आलात तुम्ही?” त्याने विचारलं. दादीने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, “उल्हासनगर.” तो म्हणाला, “अच्छा, यूएसए,” आणि हसला. मीही हसलो.

त्याने मसाला पापड आणले, कांदा-टोमॅटोने ओले झालेले. दादीने एक तुकडा तोडला, चाखला, बाजूला ठेवला आणि त्याला साधा भाजलेला आणायला सांगितलं, सगळ्यांना एकेक, पाण्याच्या आधी. मग मला विचारलं, “तेरा किला कहाँ है इस साल?” मी म्हणालो, आमच्या आवारात आता सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवलेत, माती कुठून आणू. पापड आले. दादीने पहिला माझ्या ताटात ठेवला.